मागं कोण जाणार?

रायफल घ्यावी का न घ्यावी, ह्या एका प्रश्नावर मी दोन वर्षं घालवली. ऐकणारा हसतो. म्हणतो, घ्यायची तर घ्या, नाहीतर सोडा, त्यात दोन वर्षं कसली? पण बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. ही तर जीव घेणारी वस्तू. आणि घेणारा मी, उजव्या पायानं अधू.

पाय कसा गेला ते आधी सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमचं गाव भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) ह्या दोन तालुक्यांच्या शिवेवर. घरामागच्या अंगाला राजगडाची संजीवनी माची दिसते आणि खाली भाटघर धरणाचं पाणी. आमच्याकडं भाताचा तरवा टाकायच्या आधी जमीन भाजतात. थंडीत झाडांचे टहाळ तोडायचे, वाळवायचे, त्यावर शेण, पालापाचोळा, माती असे थर द्यायचे आणि उन्हाळ्यात पेटवायचं. त्याला राब म्हणतात. राबासाठी ऐनावर चढलो होतो. कोयता चालवताना फांदी मोडली आणि मी खाली आलो. खुब्यात मोडलं. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला आणि वाकायचा बंद झाला. तेव्हा मी पंचेचाळिशीत होतो. आता साठी ओलांडली. काठी घेऊन बांधावरून चालतो, पण चढ आला की थांबतो आणि मावळात चढ नाही अशी वाट नाही.

पाय गेल्यावर माणसाची बरीच कामं जातात. काही दुसरे करतात, काही सुटतात. माझं एक काम सुटलं त्याचं मला फार लागलं. ते म्हणजे जागल.

भात पोटरीला आलं की डुकरं उतरतात. दिवसा कारवीत पडून राहायचं आणि रात्री खाचरात शिरायचं, हा त्यांचा शिरस्ता. डुक्कर खातं थोडं, नासवतं फार. एक कळप रात्रीतून अख्खं खाचर लोळवून ठेवतो. सकाळी गेलं की वाटतं इथं कुणी कुस्त्या खेळल्या. म्हणून दसऱ्यापासून भात घरी येईपर्यंत शेतात माळा बांधून राखण करायची. डबा वाजवायचा, हाळी द्यायची, आगटी पेटवायची. आमच्या घरात त्यासाठी बंदूकही होती. वडिलांची, ठासणीची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. वडिलांमागं ती वारसानं माझ्या नावावर झाली. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची.

ज्यांनी ठासणीची बंदूक बघितली नाही त्यांना सांगतो. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधी, मग शिसं, परत चिंधी आणि गजानं ठासायचं. मागं टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की बार होतो. एकदा बार झाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पुढच्या गावात पोचतं. पाऊसपाण्यात दारू सर्दावते, मग नुसता घोडा खट् करतो. आणि पल्ला म्हणाल तर तीस-चाळीस पावलं. त्याच्या पुढं शिसं कुठं जाईल ते शिशालाच ठाऊक.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचा एक नियम होता. ते म्हणायचे, "बार टाकनारा येक आन मागं जानारा दुसरा, ह्ये चालायचं न्हाई. ज्यानं टाकला त्यानंच जायाचं." जनावर जागेवर पडलं तर प्रश्न नाही. पण जखमी होऊन झाडीत गेलं तर सकाळी रक्ताचा माग काढत जायचं, ते सापडेस्तोवर जायचं आणि त्याचा शेवट करून यायचं. आबा अंगठेबहाद्दर होते. त्यांनी हा नियम कुठं वाचला नव्हता. त्यांना विचारलं, का हो आबा? तर म्हणाले, "ते तिकडं तडफडनार आन आपन हिकडं भाकरी खानार, घास कसा उतरंल?"

आता माझ्या हातून काय झालं ते.

पाय गेल्यावर पाचेक वर्षांनी एका सालात डुकरांनी आमचं दोन खाचरं भात एकाच आठवड्यात संपवलं. पंचनामा झाला, भरपाईचा अर्ज झाला. वनखात्याकडं अर्ज करून डुक्कर मारायचा परवानाही रीतसर घेतला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार बंद आहे, पण उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबद्दल अधिकाऱ्यानं लेखी कारणं देऊन परवानगी द्यायची सोय आहे. मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता, त्याचा पंचनामा करून द्यायचा. हे सगळं मला मान्य होतं.

माळ्यावर चढणं मला शक्य नव्हतं. म्हणून मी वरच्या पडवीत, घोंगडं पांघरून, खांबाला टेकून बसलो. खालचं खाचर तिथून ऐंशी पावलांवर. चांदणं होतं. मध्यरात्रीनंतर एक एकुलगा उतरला. कळप सोडून एकटा फिरणारा थोराड नर, त्याला आमच्याकडं एकुलगा म्हणतात. पाय धड असता तर मी बांधाच्या आडानं सरपटत तीस पावलांवर गेलो असतो. आता ते जमत नव्हतं. माझा पाय चालेना म्हणून मी शिशाला चालायला लावलं. ऐंशी पावलांवर बार टाकला.

तो ओरडला म्हणजे लागला. आणि उठून नाल्याच्या बाजूला कारवीत गेला.

सकाळ झाली. अंगणात धाकटा भाऊ उभा होता, मी ओट्यावर काठी धरून. मी त्याला "जा" म्हणालो नाही. आजवर ह्या गोष्टीचा मी आधार घेत आलो की मी त्याला जा म्हणालो नाही. मी एवढंच म्हणालो, "आता मागं कोण जाणार?" पण थोरल्या भावानं लंगडा पाय पुढं करून असं विचारलं की धाकट्यानं काय करायचं असतं? तो कुऱ्हाड घेऊन गेला, वाडीतला एक गडी सोबतीला.

कारवी डोक्याच्या वर वाढलेली. पुढचं पाऊल दिसत नाही. जखमी डुक्कर पळून जात नाही, ते आडोशाला तोंड फिरवून बसतं. ते सरळ आलं. भावाच्या मांडीत सुळा गेला, गुडघ्यापासून वर वीतभर. सोबतच्या गड्यानं आरडाओरडा केला म्हणून डुक्कर बाजूला झालं. आम्ही त्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणला आणि जीपमधून दवाखान्यात नेला. टाके पडले. भाऊ वाचला. पण शिर तुटली होती, आजही पाऊस लागला की तो पाय ओढत चालतो. आणि डुक्कर चौथ्या दिवशी नाल्यात सापडलं, वासावरून. शिसं पोटात लागलं होतं. म्हणजे ते चार दिवस जिवंत असणार, निदान तीन.

एका घरात दोन लंगडे भाऊ झाले. एक झाडानं केला, एक मी.

मला कुणी बोललं नाही. परवाना होता, कागद चोख होते. भावजय महिनाभर माझ्या ताटात वाढताना बोलत नव्हती, तेवढंच. भाऊ तर उलट मलाच समजूत घालायचा, "दादा, नशिबात व्हतं." पण नशीब कुणी आणलं होतं, हे मला ठाऊक होतं.

पुढं दहा वर्षांनी पुतण्या फौजेतून निवृत्त होऊन आला. ह्याच भावाचा थोरला. त्याला आमची डुकरांची कटकट दिसत होती. तो म्हणाला, "काका, तुमचा दोष नव्हता. दोष त्या ठासणीचा होता. दुर्बिणीची रायफल असती तर जनावर जागेवर पडलं असतं. तुम्हाला चालायची गरजच नाही. पडवीत बसा आणि तीनशे मीटरवर टिपा." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं.

तो मला पुण्याला एका बंदुकीच्या दुकानात घेऊन गेला. कापूरहोळला एस.टी. धरली, स्वारगेटला उतरलो. दुकानदार जुना माणूस, अदबीचा. माझी काठी बघून त्यानं आधी खुर्ची दिली. मग एकेक काढून दाखवलं. बारा बोअरची छर्ऱ्यांची बंदूक, एकनळी आणि दुनळी. तिचा पल्ला पस्तीस-चाळीस यार्ड. मग सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची रायफल. तिच्या नळीला आतून पीळ असतो, त्यामुळं गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. लष्करी बोअरच्या रायफली आपल्याला मिळत नाहीत, ही मिळते. त्यानं माझ्या पायाचा विचार करून सांगितलं, ते ऐकण्यासारखं होतं. म्हणाला, बसून मारणाऱ्यानं नळीखाली दोन पायांची घोडी लावावी, म्हणजे वजन हातावर येत नाही. दस्ता लांबीला बेताचा पाहिजे, नाहीतर बसल्यावर खांद्यात नीट बसत नाही. मागं रबराची गादी लावावी, म्हणजे धक्का खुब्याला जाणवत नाही. पट्टा रुंद असावा, काठीचा हात मोकळा राहतो.

मी खुर्चीत बसून ती खांद्याला लावली. दुर्बिणीतून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी बघितली. पाटीवरचं बारीक अक्षर हातावर असल्यासारखं दिसलं. आणि माझ्या छातीत काहीतरी हललं. झाडावरून पडल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणापेक्षा कमी नाही. धडधाकट माणूस जे चालून करील ते मी बसून करीन. हे सुख खोटं नव्हतं. अपंग माणसाला लोक ओट्यावर बसवतात, चहा देतात आणि विचारायचं सोडून देतात. त्याच्या हातात पुन्हा काम यावं, ही इच्छा काही पाप नाही. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी ह्या वाक्यावर घटकाभर थांबावं.

परवान्याची गोष्ट वेगळीच होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव घेतलंय ते ठासणीच्या बंदुकीचं. स्वसंरक्षणाला आणि खेळाला २० इंचांहून आखूड नसलेल्या नळीची, आतून पीळ नसलेली बंदूक. रायफल मागायची तर तिचं वेगळं कारण पटवावं लागतं, डॉक्टरचा दाखला, बंदूक हाताळायच्या शिक्षणाचा दाखला, पोलिसांची चौकशी, सगळं आलं. पुतण्या म्हणाला, कागदांचं मी बघतो. मी म्हणालो, थोडा थांब. घरी आलो ते दोन वर्षं थांबलो.

माझा मुलगा म्हणायचा, "आण्णा, तुम्ही उगीच मनाला लावून घेता. अपंग माणसं नेमबाजीत कुठल्या कुठं गेली." त्यानं मला मोबाईलवर दाखवलं. जयपूरची अवनी लेखरा, २०१२ साली गाडीच्या अपघातात कमरेखालचं सगळं गेलं आणि २०२१ साली टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफलमध्ये तिनं सुवर्णपदक जिंकलं. २०२४ ला पॅरिसमध्ये परत जिंकलं. आपल्या कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथा आला. त्यांच्यात दोन गट असतात. जे स्वतः रायफल पेलू शकतात त्यांचा एक आणि ज्यांच्या हातात ते बळ नाही त्यांचा दुसरा. दुसऱ्या गटाला रायफल टेकवायला स्प्रिंगवरची घोडी मिळते. म्हणजे कुणाच्या अंगात काय उणं आहे ते बघून आधार द्यायचा, पण नेम आणि चाप त्याचाच. मला हे फार आवडलं. न्याय असाच असावा.

पण मी मुलाला म्हणालो, बाळा, ही सगळी कागदावर मारतात. कागद पळत नाही, कारवीत शिरत नाही, चार दिवस तडफडत नाही. कागदाच्या मागं कुणाला जावं लागत नाही. तिथं नेम साधला की काम संपलं. इथं नेम साधला नाही की काम सुरू होतं.

अमेरिकेत काही राज्यांत अपंग शिकाऱ्याला उभ्या गाडीत बसून बार टाकायची खास परवानगी मिळते, असं पुतण्यानं सांगितलं. जर्मनीकडं जखमी जनावर हुडकायला शिकवलेली कुत्री लागतात, त्याचा तिथं कायदाच आहे. मला दुसरी गोष्ट जास्त पटली. बार टाकायची सोय करायची तर मागं जायचीही सोय आधी करा. पहिली सोय सगळ्यांना सुचते, दुसरी शहाण्याला.

मग मी पुतण्यालाच विचारलं, "तीनशे मीटरवर गोळी पोचायला किती वेळ?" तो फौजेतला, त्याला नेमकं ठाऊक. म्हणाला, "अर्धा सेकंद तरी." मी म्हणालो, "अर्ध्या सेकंदात डुक्कर किती हलतं?" तो हसला. म्हणाला, "एक पाऊल." एक पाऊल म्हणजे काळजातली गोळी पोटात. दुर्बीण जनावर जवळ आणते ती डोळ्याला. गोळीला ते तीनशे मीटरच लांब असतं. वारा मधेच असतो, चांदणं तेवढंच असतं, म्हाताऱ्याचा हात तेवढाच थरथरतो. आणि चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटरसुद्धा जाते. आमच्या पडवीतून तेवढ्या टप्प्यात पलीकडची वाडी येते, पहाटे लाकूडफाट्याला निघालेल्या बाया येतात, माचीकडं चढणारी पुण्याची पोरं येतात. ठासणीचं शिसं चुकलं तर आमच्याच बांधात जायचं.

ह्या काळात मुलानं मला वन्यजीव कायदा मराठीत समजावून सांगितला. त्यात एके ठिकाणी मी अडकलो. वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला मारायची परवानगी कधी मिळते? ते माणसाच्या जिवाला धोकादायक झालं तर, किंवा ते बरं होण्यापलीकडं अपंग वा रोगी झालं असेल तर. अपंग हा शब्द कायद्यात जनावरासाठी आलाय. आणि माझ्या खिशात जे सरकारी प्रमाणपत्र आहे त्यातही तोच अर्थ. मी बराच वेळ गप्प बसलो.

जनावर अपंग कशानं होतं? पडून, भांडणात, म्हातारपणानं. आणि अर्धवट लागलेल्या गोळीनं. जिम कॉर्बेटची पुस्तकं मराठीत पुष्कळांनी वाचलीत. १९०७ साली त्यानं चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसं होती. तिच्या एका बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले होते, जुन्या गोळीच्या जखमेनं. रानातली शिकार धरता येईना म्हणून ती माणसांवर आली, असं कॉर्बेटनं लिहिलंय. कुणीतरी कधीतरी एक बार टाकला आणि मागं गेला नाही. तो घरी जाऊन जेवला असेल. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याची किंमत पुढं चारशेवर माणसांनी भरली.

माझ्या डुकराचं तसं झालं नाही, पण गोष्ट एकच. अपंग माणूस लांबून बार टाकतो आणि रानात आणखी एक अपंग तयार करतो. आपलं दुखणं वाटून द्यायची ही रीत नव्हे.

इथं कुणी म्हणेल, मग अपंगानं हात जोडून बसावं का? धडधाकटाला जे चालतं ते त्याला नाही, हा कुठला न्याय? हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला, रागानं विचारला. आणि उत्तर शोधताना एक जुनी गोष्ट वर आली, ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही.

माझे पाय धड होते तेव्हाची. मी पंचविशीत असेन. एका संध्याकाळी मी आबांची बंदूक त्यांना न विचारता घेतली आणि भेकरावर बार टाकला. परवाना नव्हता, पिकाचं कारण नव्हतं, नुसती हौस. म्हणजे गुन्हाच तो. भेकर लंगडत ओढ्यापलीकडं गेलं. अंधार पडत होता. मी म्हणालो, सकाळी बघू. सकाळी गावात तमाशाचा फड येणार होता. मी गेलो नाही. आबांनाही सांगितलं नाही. तेव्हा मला दोन पाय होते, घाट एका दमात चढायचे.

म्हणजे मागं जायला पाय लागतात हे अर्धंच खरं. पाय असूनही मी गेलो नव्हतो. आणि पाय नसताना मी दुसऱ्याला पाठवलं. दोन्ही वेळा बार माझा होता आणि पुढचं काम मी कुणावर तरी टाकलं, एकदा भेकरावर, एकदा भावावर.

म्हणून आबांचा नियम लंगड्याच्या विरुद्ध नाही, असं मी ठरवलं. तो सगळ्यांना एकच आहे. आपली जबाबदारी जिथवर पोचते तिथवरच आपला बार पोचावा. कुणाची जबाबदारी पायानं पोचेल, कुणाची दुसऱ्याच्या सोबतीनं. सोबत घ्यायला हरकत नाही. जुन्या हाक्यात वीस-वीस माणसं असायची, वाटा सगळ्यांना मिळायचा, जोखीमही सगळ्यांची. पण ते आधी ठरलेलं असायचं. मी भावाला बाराच्या आधी विचारलं नाही, बारानंतर विचारलं. आधी विचारलं असतं, "मी ऐंशी पावलांवरून मारतो, चुकलं तर तू कारवीत शिरशील का?" तर तो म्हणाला असता, "दादा, नको मारू." आणि त्याचं बरोबर असतं. जो मागं जाणार, बार टाकायचा का नाही हे ठरवायचा हक्क त्याचा. चाप कुणाच्या का बोटाखाली असेना.

लांब पल्ल्याची बंदूक हा हिशोब सोपा करत नाही, अवघड करते. ठासणीचा पल्ला तीस पावलं, म्हणजे जनावराचा श्वास ऐकू येतो, ते नर का मादी, मागं पिल्लं आहेत का, ते दिसतं. माणूस चारदा विचार करतो. तीनशे मीटरवरून ते सगळं गळून पडतं, उरतो एक काळा ठिपका. ठिपक्यावर बार टाकायला काळीज लागत नाही.

मी पुतण्याला सांगितलं, नको. त्याला वाईट वाटलं. त्यानं माझ्यासाठीच धावपळ केली होती. तो म्हणाला, "काका, मग डुकरांचं काय करायचं?" ह्याला माझ्याकडं झकपक उत्तर नव्हतं, आजही नाही. आम्ही सौर कुंपण घातलं. तार अंगाला लागली की झटका बसतो, जनावर मरत नाही. गवत वाढून तारेला टेकलं की झटका उतरतो, म्हणून आठ दिवसांनी गवत कापावं लागतं. नाल्याच्या अंगाला जमीन खचते, तिथून डुकरं अजून घुसतात. गेल्या सालीही एक खाचर गेलं. पंचनामा केला. पोटाला चिमटा बसतो, खोटं कशाला बोलू. ज्याचं सगळं पीक एका रात्रीत जातं त्या शेतकऱ्यानं परवाना काढून डुक्कर मारलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त एवढंच विचारीन, किती पावलांवरून मारलं? आणि मागं कोण गेलं?

ठासणीची बंदूक आहे घरात. शिसं घालत नाही. दसऱ्यानंतर रात्री दोनेकदा नुसत्या दारूचा बार काढतो, आवाजाला. डुकरं चार-आठ दिवस बिचकतात, मग त्यांनाही कळतं की म्हातारा फुसका आहे.

माळा आता जमिनीवरच बांधतो, चार खुंटांची खोप. मी आणि धाकटा दोघंही तिथं निजतो. दोघांच्या मधे आगटी. रात्री कारवीत खुसपुसलं की तो विचारतो, "दादा, ऐकलंस का?" मी म्हणतो, "ऐकलं." मग तो डबा वाजवतो आणि मी हाळी देतो. परवा पुतण्या खोपीत आला होता. त्याला स्वतःच्या नावावर परवाना काढायचाय. मी नको म्हणालो नाही. त्याचे पाय धड आहेत, नेम फौजेतला आहे. त्याला आबांचा नियम सांगितला. मग भावाला म्हणालो, धोतर वर कर जरा. आगटीच्या उजेडात पोरानं बापाच्या मांडीवरची वीतभर खूण बघितली. लहानपणापासून बघत आला होता, पण त्या रात्री त्यानं पहिल्यांदाच विचारलं, "काका, बार किती पावलांवरून टाकला होता?"

मी सांगितलं, ऐंशी.